वापरू नये

सहावीत समानार्थी शब्दांना मला पैकीच्या पैकी होते.
पाण्याला नीर, जल, तोय, उदक,
आणि आगाऊपणे समासात: जीवन.
फुलझेले बाईंनी ती वही वर्गभर फिरवली होती.

आता मला पगार मिळतो
पाचातले चार खोडण्याचा.

गायत्रीनगरच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
रक्तपेढीच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मी मराठीत लिहिते.
पहिली आवृत्ती फार मन लावून लिहिली होती.
एकच शब्द लागोपाठ आला की कान दुखायचे,
म्हणून कुठे पिशवी, कुठे बॅग, कुठे युनिट,
इथे नोंद, तिथे एंट्री.
तेजपाल बिसेन कोडमधून मान वर न काढता म्हणाला,
"अर्थ तर एकच आहे ना? मग काय फरक पडते?"
मलाही वाटलं, काय पडते.

मे महिना. रात्रीचे पावणेदोन.
कूलरमधलं पाणी संपून नुसता पंखा खडखडत होता,
त्यात इतवारीहून फोन.
"निनावे बोलतो जी, रक्तपेढीतून."
झोपेत मला ते नाव नाही असंच ऐकू आलं.
"मॅडम, पान नऊवर आहे, पिशवी काढा.
पान एकतीसवर पण आहे, पिशवी काढा.
कुठून काढू? फ्रीजातून, का यादीतून?"

"तुम्ही काय दाबलं?"
"काहीच नाही जी. थांबून राहिलो.
समोर पेशंटचा भाऊ उभा आहे."

फ्रीजातून, मी म्हटलं. नऊ. नऊ नंबरचं पान.
फोनमध्येच दाराचं रबर सुटल्याचा
तो चिकट आवाज आला,
मग कुणाच्या तरी चपला जिन्याकडे धावल्या.

काढा.
दात काढा, चित्र काढा, पैसे काढा, दिवस काढा,
कसेबसे का होईना, काढा,
सर्दी झाली तर तुळशीचा काढा.
या एका शब्दाने आजवर कुणाचं अडलं नाही
कारण सांगणारा समोर असतो,
त्याचं बोट दिसतं, हनुवटी कुठे वळली ते दिसतं.
पान एकतीसला हनुवटी नव्हती.

सकाळी तक्ता आखला. तीन रकाने:
गोष्ट. शब्द. वापरू नये.
फ्रीजातून रुग्णासाठी: पिशवी द्या.
मुदत संपली: पिशवी बाद करा.
यादीतून: नोंद पुसा.
तेजपालला बटणावर डिलीटच हवं होतं.
दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बदललं,
वर माझ्याकडून तर्रीपोहे उकळले.

पुस्तिका आता वाचायला अगदी रटाळ आहे.
पिशवी, पिशवी, पिशवी, पुन्हा पिशवी.
बाईंनी लाल शाईत लिहिलं असतं, पुनरुक्ती टाळा.
नाही टाळत, बाई.

तिसरा रकाना मात्र फुगत चाललाय.
कसले देखणे शब्द पडलेत त्यात,
धुऊन घडी घातलेले, कुणी न नेसलेले.
सहा वाजता मी ते सोबत घेऊन निघते.
ऑटोवाला बर्डी म्हणून ओरडतो, पाटीवर सीताबर्डी,
अजून तरी कुणी भलतीकडे उतरलेलं नाही.
घरी आई मला चार नावांनी हाका मारते,
त्यातली दोन तर माझ्या मावशीची आहेत.
चारही वेळा मीच जाते.

ऑगस्टात निनावेंचा पुन्हा फोन.
"मॅडम, पान बारा. काम झाल्यावर खिडकी बंद करा.
ते ठीक आहे, पण माझ्या मागे
खरोखरची एक खिडकी आहे जी,
आणि पाऊस आत येऊन राहिला."

दोन्ही करा, मी म्हटलं, आधी मागची.
तक्त्यात ओळ दोनशे चौदा.
मधला रकाना अजून कोरा आहे.